गाडीला मिळालेली खोली

चैत्रात कडुलिंब मोहरला की माझी उजवी मूठ आपोआप वळते. आमच्या फाटकाशी लिंबाचं झाड आहे. सकाळी त्याच्याखाली बारीक पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असतो आणि त्या कडवट-गोड वासात मला पेट्रोलचा वास येतो. घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. सुमन, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणते, "तुमच्या नाकाला बहात्तरचा दुष्काळ लागलाय, तो काही उतरत नाही." असेल. माझ्या कमरेलाही लागलाय, ते ती बोलत नाही.

यंदा त्या वासाला निमित्तही मिळालं. आमच्या प्रदीपने मोटारसायकल घेतली. कारखाना घरापासून चार मैलांवर, रस्ता अगदी डांबरी. पण पठ्ठ्याने आठवड्याभरात तिला पुढे जाड नळीचा गार्ड, मागे लोखंडी कॅरिअर आणि दोन्ही अंगांना पेट्या बसवल्या. हिमालय ओलांडायला निघाल्यासारखा तो डबा घेऊन पहिल्या पाळीला जातो. मला हसू आलं तर म्हणाला, "हसू नका बाबा, हे तुमच्याकडूनच आलंय. तुम्ही रोज चव्वेचाळीस मैल हिंडायचात. हौस म्हणजे हौस."

आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगितली जाते, आणि तशी ती मीच रुजवली आहे. पाहुणे आले, जेवणं झाली, की 'बाबांची लष्करी गाडी' निघते. किक उलटी बसून पिंढरीवर कशी आदळायची ते मी लंगडून दाखवतो. ओढ्यात गाडी आडवी झाली आणि मी तिच्याआधी बाहेर कसा आलो, तेही. लोक हसतात. मलाही हसवायला आवडतं, नाही कशाला म्हणू? पण त्या गोष्टीत एक खोली आहे. तिच्याबद्दल मी पोरांना कधी सांगितलं नाही.

गाडी खरोखर लष्करातली होती. मोडीत निघालेली, नगरच्या लिलावात एका भंगारवाल्याने उचललेली आणि त्याच्याकडून माझ्या गळ्यात पडलेली. एक सिलिंडर, शेवाळी रंग, वजन गाभण म्हशीएवढं. एकाहत्तरच्या जूनमध्ये मला पारनेर तालुक्यातल्या एका गावात मास्तरकी मिळाली. नगरपासून बावीस मैल. गावाचं नाव सांगत नाही, कारण तसं गाव एकच होतं असा कुणाचा समज होऊ नये. गावाला एस.टी. होती. ती संध्याकाळी मुक्कामाला जायची आणि सकाळी नगरला यायची, म्हणजे मला जायचं असायचं तेव्हा ती यायची. पण त्याचं काही वाटलं नव्हतं, कारण मास्तराने गावातच राहायचं असतं. पहिल्या आठवड्यात मी वळकटी घेऊनच गेलो होतो.

शाळेला लागून दगडूतात्यांचं घर. तात्या म्हणजे शांत, कामसू माणूस. शाळेची कौलं उडाली की न सांगता शिडी घेऊन येणारे. त्यांच्या अंगणात एक सुटी खोली होती. त्यांनी स्वतः ती मला दाखवली. भिंतीवर थाप मारून म्हणाले, "मातीची हाय, पन गार ऱ्हाती. खिडकीतनं वारा येतो. तुमी पुस्तकवाली मानसं, तुमाला उजेड लागनार." मग सहज, चुना मळता मळता विचारलं, "गुरुजी, आडनाव काय म्हनायचं?"

मी सांगितलं. आम्ही छप्पन साली बौद्ध झालो तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वडिलांनी देव उतरवले, घरात नवी तसबीर लागली, पण आडनाव होतं तेच राहिलं. ते ऐकून तात्यांचा भिंतीवरचा हात तिथंच राहिला.

"व्हय व्हय," ते म्हणाले. "पन ह्या खोलीत औंदा वैरन भरायची हाय. ध्यानातच न्हवतं बगा माझ्या."

जेठ महिना होता. जेठात कुणी वैरण भरत नाही, उलट असलेली संपत आलेली असते. हे मला कळत होतं. आमच्या चार पिढ्या दुसऱ्यांच्या रानात राबल्या. मी म्हणालो, "बरं तात्या." आणि वळकटी परत गाडीला बांधली.

त्या रविवारी मी तारकपूरच्या रस्त्याला उस्मानचाचांच्या गॅरेजात गेलो आणि वळकटी नीट राहावी म्हणून गाडीला मागे कॅरिअर बसवून घेतलं.

हे पुढे एक रीतच होऊन बसलं. कुणी खोली नाही म्हटलं की मी गाडीला काहीतरी बसवायचो. मारुतीच्या देवळामागच्या घरात 'गळतंय' निघालं, तेव्हा ओढ्यातले दगड लागू नयेत म्हणून सायलेन्सर वर उचलून घेतला. वेशीजवळच्या माणसाच्या खोलीत अचानक भाऊबंदकी उपटली, तेव्हा चढाला ओढ लागावी म्हणून साखळीचं पुढचं दातेरी चक्र एका दाताने लहान केलं. एकाच्या घरी पाहुणे येणार होते. ते वर्षभर येतच होते बिचारे. त्यांच्यासाठी मी भंगार बाजारातून दारूगोळ्याच्या दोन रिकाम्या पेट्या आणून दोन्ही अंगांना लावल्या. एकीत पाने, ट्यूब, पंप आणि जादाची क्लच केबल. दुसरीत वह्या, डबा आणि पाण्याचा कॅन. गाडी अशी दर नकाराबरोबर मजबूत होत गेली. रस्त्याने बघणारे म्हणायचे, मास्तर शौकीन दिसतोय. मीही मान डोलवायचो. शौकीन म्हणवून घेणं त्यातल्या त्यात बरं होतं.

उस्मानचाचा लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होते, रिटायर होऊन गॅरेज काढलेलं. माणूस कमी बोलायचा. पाना फिरवता फिरवता एकदा मान वर न करता म्हणाले, "आज काय बसवायचं मास्तर? कोन नाय म्हनलं?"

मी म्हणालो, "रस्ता खराब आहे चाचा."

"रस्ता तर पयल्या दिवशी बी खराबच व्हता," चाचा म्हणाले आणि पुढचा नट आवळायला लागले.

पाण्याचं सांगायचं राहिलं. शाळेचे हेडगुरुजी त्याच गावचे. घर, विहीर, पाच एकर रान, सगळं तिथलंच. भला माणूस, आणि भित्रा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं होतं, "पाण्याचा इथं जरा त्रास आहे. तुम्ही आपलं घेऊनच येत चला." तेव्हा शाळेतला डेरा काठोकाठ भरलेला होता. पुढच्या वर्षी पाऊस गेला, डेरा खरोखर कोरडा पडला, विहिरींत बादली खडखडायला लागली, आणि हेडगुरुजींचं वाक्य खरं झालं. मला त्याचं वाईट समाधान वाटलं होतं. त्याची लाज अजून जात नाही.

तो उन्हाळा. रस्त्याच्या दोन्ही कडांना खडी फोडणारी माणसं बसलेली, तालुकाच्या तालुका. डोक्याला फडकं, हातात घण, शेजारी झोळीत मूल. खडीचा पांढरा धुरळा गुडघाभर. मी शाळेत पोचायचो तेव्हा भुवयांसकट पांढरा झालेला असायचो. चौथीची पोरं म्हणायची, "गुरुजी गिरणीतनं आले." ती धूळ कार्बोरेटरात जायची, गाडी खोकायची, मधेच बंद पडायची. मग सुमनने तिचं एक जुनं पातळ फाडून दिलं. त्याच्या चार पदरी घड्या तेलात भिजवून मी हवेच्या तोंडावर बांधायचो. रोज संध्याकाळी घासलेटात धुवायचो, दोरीवर वाळत घालायचो. शेजारच्या बायका विचारायच्या, "घरात बाळ आहे का?" सुमन म्हणायची, "आहे. साडेचार मणांचं. दूध पीत नाही, पेट्रोल पितं."

रात्री जेवताना ती माझ्या ताटाखाली पाट सरकवायची, मला वाकता येईनासं झालं होतं म्हणून. मणक्यात काहीतरी सरकलं होतं. सीट काढून मी ट्रॅक्टरची स्प्रिंगवाली सीट बसवली, पोत्याची उशी केली, कमरेला पट्टा बांधला. शेवटी माघात डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे उजेडापुढे धरला आणि म्हणाले, "मास्तर, गाडी का कंबर, एक ठरवा. आणखी एक पावसाळा या रस्त्यावर काढलात तर वर्गात उभं राहता येणार नाही."

म्हणजे हिशेब सोपा होता. जूनपर्यंत गावात खोली, नाहीतर बदली, नाहीतर राजीनामा. घरात पगारी माणूस मी एकटा, खाणारी सात. बदलीचे दोन अर्ज मी आधीच केले होते. दोन्हींत कारण लिहिलं होतं, 'घरगुती अडचण.' सगळे तेच लिहितात, म्हणून मीही लिहिलं. दोन्ही अर्ज परत आले. घरगुती अडचण कुणाला नाही?

फाल्गुन संपता संपता तात्यांनी बैल सरकारी गुरांच्या छावणीवर नेऊन बांधले. वैरण नव्हतीच. ती खोली पार रिकामी झाली, झाडून काढली तरी काडी निघाली नसती. एका दुपारी मी शाळेबाहेर आलो तर तात्या गाडीपाशी उकिडवे बसून टायरला बोट लावून बघत होते. त्यांना त्या गाडीची ओढ होती. बैल गेल्यापासून तर जास्तच. रोज येऊन साखळी निरखायचे, टाकीवरून हात फिरवायचे.

"गुरुजी, उन्हानं रबार इरघळंल हिचं," ते म्हणाले. "टाकी तर तव्यावानी तापलीया. माझी खोली रिकामी हाय. तिथं ठिवत जा."

मला वाटलं, झालं. दार उघडलं. मी गाडी ढकलत त्यांच्या अंगणात नेली, उंबऱ्यापर्यंत. तिथं तात्यांनी हँडल धरलं.

"आना हिकडं. हितनं फुडं मी घेतो. तुमी दमलाव."

मी दमलो होतो, खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही दमलोच होतो. चौथ्या दिवशी दमलो नव्हतो आणि तसं म्हणालोही, तरी तात्या उंबऱ्याच्या आत उभे राहून हात पुढे करून होते. तेव्हा मला समजलं. गाडीला खोली मिळाली होती. त्याच खोलीत, जिथं खिडकीतून वारा येतो आणि पुस्तकवाल्यांना उजेड मिळतो. दुपारच्या सुट्टीत मी अंगणातल्या लिंबाखाली बसून माझ्या कॅनमधलं कोमट पाणी प्यायचो आणि आत माझी गाडी गारव्याला उभी असायची. तात्यांनी जमिनीवर पाण्याचा शिडकावा केलेला असायचा. त्या दिवसांत, त्या पाण्याचा.

आणि मी काय केलं? इथं मला माझी सगळ्यात जास्त कीव येते. दाराची चौकट अरुंद होती. हँडल अडायचं, तात्यांची बोटं सोलवटायची. म्हणून मी रविवारी चाचांकडे गेलो आणि म्हणालो, "हँडल दोन्हीकडून एकेक इंच कापा."

"का?"

"दारातून जात नाही."

"कुनाच्या दारातनं?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, उंबऱ्यासकट. चाचांनी करवतीचं पातं लावलं होतं. त्यांनी पहिली बाजू कापली, दुसरी कापली, कानशीने कडा घासल्या, मुठी परत चढवल्या. मग हात पुसत म्हणाले, "दोन इंच कापल्यावर गाडी आत जाते मास्तर. तुमचं काय कापायचं ऱ्हायलं?"

मी त्या दिवशी घरी जाईपर्यंत पहिल्या गिअरमध्येच होतो, ते मला दारात कळलं.

वार्षिक परीक्षा सुरू होती. सोमवारी संध्याकाळी तात्या गाडी बाहेर काढून देत होते. आता ती दारातून अलगद येत होती. तात्या खूश होते. "झ्याक झालं," म्हणाले. मी हँडल धरलं नाही. दोन वर्षांत जे वाक्य कुणापाशी बोललो नव्हतो ते म्हणालो, "तात्या, गाडी राहते तिथं मी का नको?"

गाडीचा भार दोन्ही हातांवर घेऊन तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "तुमी कधी इचारलं न्हाई असं."

"आता विचारतोय."

"मी एकटा असतो गुरुजी, तर..." ते थांबले. "गाव हाय. पोरीची सोयरीक व्हायची हाय. सकाळी सांगतो."

सकाळी मी पोचलो तर खोलीला कुलूप. तात्या घरात नव्हते. अंगणात लिंबाखाली चार हात जागा झाडून, सडा शिंपून ठेवली होती. काकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, दारात होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हितं लावा म्हनल्यात गाडी. ते गेल्यात छावनीवर."

मी विचारलं म्हणून गाडीचीही खोली गेली होती. मी गाडी लिंबाखाली लावली नाही. शाळेच्या पटांगणात, भर उन्हात उभी केली आणि आत जाऊन पेपर वाटले. चौथीचा गणिताचा पेपर होता. पोरं मान खाली घालून लिहीत होती, कुणाची पाटीवरची पेन्सिल करकरत होती. बाराच्या सुमाराला मी खिडकीशी आलो तर तात्या पटांगणातून चालत येत होते. हातात पाण्याने निथळणारं पोतं. त्यांनी ते गाडीवर टाकलं, सीट झाकली, टाकी झाकली, कोपरे नीट ओढले. बैलाच्या पाठीवर झूल घालतात तसं. क्षणभर हात ठेवून उभे राहिले. त्यांना माहीत असणार की खिडकीत मी आहे. ते एकदाही वर न बघता परत गेले.

त्या पोत्याचा मला आजही राग येतो, आणि ते आठवलं की तात्यांची मायाही वाटते. ह्यातलं कुठलं खरं, ते मी इतक्या वर्षांत ठरवू शकलेलो नाही. माणूस वाईट असता तर फार सोपं झालं असतं. त्या पोत्यात दोन घागरींचं तरी पाणी मुरलं असेल. तात्यांच्या घरातली सून तेवढ्यासाठी दीड मैल जात होती.

पेपर संपला. मी उरलेला एक कोरा कागद घेतला आणि तिथंच, पोरांच्या बाकावर बसून तिसरा अर्ज लिहिला. कारणापाशी हात सवयीने 'घर' लिहून थांबला. ते खोडलं आणि लिहिलं: 'मी बौद्ध असल्यामुळे या गावात मला राहण्यास खोली मिळत नाही. दोन वर्षे रोज चव्वेचाळीस मैल मोटारसायकलने ये-जा केल्याने पाठीचे दुखणे झाले आहे.' लिहून झाल्यावर वाचलं. दोनच वाक्यं होती. एवढ्यासाठी मी कॅरिअर, सायलेन्सर, पेट्या आणि ट्रॅक्टरची सीट बसवली होती.

अर्ज हेडगुरुजींच्या सहीने पुढे जायचा. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, परत लावला. "असं लिहून कसं चालेल गुरुजी? 'प्रकृतीचं कारण' लिहा. मी शिफारस करतो."

"नको."

"गावाचं नाव खराब होतं."

"मी गावाचं नाव कुठं लिहिलंय गुरुजी? 'या गावात' एवढंच आहे."

"शिक्का तर शाळेचाच बसणार ना," ते म्हणाले. मग बाहेर बघितलं. पटांगणात पोतं वाळत होतं, कडेने पांढरं पडत होतं. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि माझ्या सहीखाली सावकाश, पोरांना कित्ता देताना काढतात तशा अक्षरांत लिहिलं, 'वरील मजकूर खरा आहे.' सही केली. टिपकागद नव्हता, म्हणून शाईवर फुंकर घालत बसले. शाई वाळल्यावरही घालत होते. त्या गावात त्यांना आणखी तीस वर्षं राहायचं होतं. मला फार तर जूनपर्यंत.

निघताना मी पोतं घडी करून तात्यांच्या ओसरीवर ठेवलं. आत माणसं होती, कुणी बाहेर आलं नाही. मीही हाक मारली नाही.

जूनमध्ये राहात्याला बदली झाली. हुकमात 'विनंतीवरून' असं लिहिलं होतं. मी आणि सुमन खोली बघायला गाडीवरूनच गेलो. ट्रॅक्टरची सीट काढून तिला बसण्यापुरती जागा केली होती. आता मी आडनाव विचारायची वाट बघत नव्हतो. दारात उभा राहूनच सांगायचो, आम्ही बौद्ध, खोली हवी आहे. पहिल्या घरात म्हातारा स्वच्छ नाही म्हणाला. दुसऱ्या घरात दार लागलं. सुमन म्हणाली, "पाणी प्या जरा." मी प्यालो.

तिसऱ्या घरात एक आजीबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. माझं सांगून झालं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, "ती काय हाय?"

"मोटारसायकल, आजी."

"लई आवाज करती का?"

"करते," मी म्हणालो.

त्या विचारात पडल्या. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो, हातात पाण्याचा कॅन. आजींनी मांडीवरची टरफलं झटकली, कनवटीची किल्ली काढली.

"मग ती भाईरच ऱ्हाऊ द्या, त्या तिकडं लांब," त्या म्हणाल्या. "माझी झोप मोडती. तुमी दोगं या आत."